मंडळाच्या सल्ल्यानुसार

नवं सल्लागार मंडळ नेमलं गेलं की सगळ्यात आधी खुर्च्या येतात, हे सचिवबाईंना अनुभवानं ठाऊक झालं होतं. खुर्च्यांमागून नावांच्या पाट्या, पाट्यांमागून सदस्य, आणि सगळ्यांत शेवटी, आलंच तर, काम. या आधीच्या मंडळांपैकी एकाला तर काम मिळायच्या आतच त्याची मुदत संपली होती. सदस्यांना निरोपाचा चहा दिला, प्रत्येकाच्या हातात एकेक फूल ठेवलं आणि खुर्च्या मत्स्य विभागानं नेल्या.

त्यामुळे विभागीय अर्थनियोजन सल्लागार मंडळाच्या सचिव म्हणून पुन्हा आपलीच नेमणूक झाल्याचं कळलं तेव्हा बाईंना ना आनंद झाला ना दुःख. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि खुर्च्या मोजून घेतल्या. निवृत्तीला फार काळ उरला नव्हता. गुडघे कुरकुरत होते. सरकारी जिन्यांनी त्यांच्या आयुष्याचा बराच भाग खाल्ला होता, आणि उरलेल्या भागात निदान लिफ्ट असलेल्या इमारतीत बसायला मिळावं एवढीच त्यांची इच्छा होती. मंडळाची खोली तिसऱ्या मजल्यावर निघाली. लिफ्ट होती, पण तिच्यावर ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी होती, आणि त्या पाटीचा रंगही आता उडालेला होता.

अध्यक्ष म्हणून आले ते पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले मुख्य अभियंता. उंच, वाकलेले, डाव्या कानानं जवळजवळ बहिरे. ज्याचं बोलणं ऐकायचं नसेल त्याला ते अगत्यानं डाव्या बाजूची खुर्ची देत. दुसरे एक प्राध्यापक होते, अर्थशास्त्राचे. माणूस सरळ, पण बोलायला लागला की समोरच्याच्या तोंडाकडे न बघता खिडकीबाहेर बघून बोलणारा. बाकीच्या सदस्यांपैकी कुणी मालवाहतुकीचा धंदा करणारा, कुणी व्यापारी संघाचा. ते चहाच्या वेळेला हजर असत आणि मतदानाच्या वेळेला बहुमत असेल तिकडे असत. त्यांचा कुणाला त्रास नव्हता.

पहिलंच काम आलं ते काच कारखान्याचं.

बाईंनी विषय दोनदा वाचला. नदीच्या वरच्या अंगाला जे काचगाव होतं, तिथे त्यांची धाकटी बहीण राहत होती. तिचा नवरा त्याच कारखान्यात भट्टीमास्तर होता, मुलगी नर्सिंग शिकत होती. गावातल्या निम्म्या घरांची चूल त्या एका भट्टीवर पेटत होती. बाटल्या, बरण्या, औषधाच्या कुप्या, सगळं तिथे होत होतं. गेल्या काही वर्षांत प्लास्टिकनं गिऱ्हाईक पळवलं होतं आणि कारखाना चालत होता तो सरकार सवलतीत देत असलेल्या गॅसवर. ती सवलत चालू ठेवावी की नाही, आणि त्या भागाच्या पुढच्या आर्थिक आराखड्यात कारखान्याला जागा असावी की नाही, यावर मंडळानं सल्ला द्यायचा होता.

बाई उठून अध्यक्षांच्या उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

“सर, एक गोष्ट कानावर घालायची होती. माझी सख्खी बहीण त्या गावात आहे. मेहुणे भट्टीवर आहेत. हा विषय दुसऱ्या कुणाकडे दिलात तर बरं.”

अध्यक्षांनी मान वर केली. “तुम्हाला मत आहे का मंडळात?”

“नाही. मी फक्त लिहून घेते.”

“मग अडचण कसली? ज्याला मत नाही त्याचे नातेवाईक कुठेही असोत.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि खरं सांगू का बाई, मत तर आम्हालाही कुठे आहे? आम्हाला सल्ला आहे.”

त्या दिवशी दोघेही हसले. पुढे या वाक्यावर हसू येणार नव्हतं.

धाकटीला बातमी कुठून कळली कोण जाणे. रविवारी सकाळीच तिचा फोन.

“ताई, देवच पावला बघ! तू आहेस ना तिथं!”

“अगं, मी असून काय उपयोग? मी नुसती लिहिते.”

“लिहिणाऱ्याच्याच तर हातात असतं सगळं. मी गावात सगळ्यांना सांगितलंय, माझी ताई आहे म्हणून. काळजी करू नका म्हटलं.”

बाईंनी कपाळाला हात लावला. आई गेली तेव्हा धाकटी शाळेतही जात नव्हती. तिच्या वेण्या घालण्यापासून तिचं लग्न लावून देण्यापर्यंत सगळं ताईनंच केलं होतं. ते सगळं करता करता स्वतःच्या लग्नाचं वय कधी निघून गेलं ते कळलंही नाही. त्यामुळे ताईला अशक्य असं काही असतं यावर धाकटीचा आजही विश्वास नव्हता. असा विश्वास पेलायला माणसाचे गुडघे बरे असावे लागतात.

“तू गावात काही सांगू नकोस,” त्या म्हणाल्या. “ऐकतेस का?”

“सांगून झालं ना पण,” धाकटी म्हणाली.

सुनावणी कारखान्याच्या कँटीनमध्ये ठेवली होती. टेबलं भिंतीला लावून बाकं मांडली होती, आणि शेजारच्या भट्टीची धग भिंतीतून अंगावर येत होती. माणसं इतकी आली की अर्धी खिडक्यांबाहेर उभी राहिली. बाई अध्यक्षांच्या शेजारी बसून लिहीत होत्या. लोक एकेक करून उठत होते आणि त्यांच्याकडे बघून बोलत होते, अध्यक्षांकडे नाही. धाकटीनं आपलं काम चोख केलं होतं.

कुणी म्हणालं, वडील इथेच होते, आजोबाही इथेच. एक बाई पॅकिंग विभागातून आली होती. ती म्हणाली, “कारखान्याच्या जागी आम्हाला गोदामं देणार म्हणतात, मोठमोठी. पण गोदामात माणसं किती लागतात हो? तिथं तर यंत्रंच खोकी उचलतात.” त्यावर टाळ्या पडल्या. प्राध्यापकांनीही खिडकीबाहेर बघत मान डोलावली, कारण ते खरं होतं.

मग भट्टीमास्तर उठला. बुटका, भक्कम माणूस. भट्टीसमोर उभं राहून राहून चेहरा कायमचा लाल झालेला. बोलायची सवय नव्हती. त्यानं भट्टी कशी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते, एकदा गार झाली की आतल्या विटा तडकतात आणि पुन्हा ती पेटत नाही, हे सांगायला सुरुवात केली आणि मध्येच गुंता झाला. तेच तेच पुन्हा सांगू लागला. मागून कुणीतरी म्हणालं, “आटप रे.”

प्राध्यापकांनी पहिल्यांदाच खिडकीवरून नजर काढली. “एक विचारू का मास्तर? गॅस मिळत राहिला, गिऱ्हाईकही आलं असं धरून चालू. ही भट्टी अजून किती चालेल?”

प्रश्न साधाच होता, पण तो कुणी विचारू नये अशी सगळ्यांची इच्छा होती. भट्ट्यांनाही वय असतं. आतल्या विटा झिजत जातात, आणि एक दिवस सगळी भट्टी पाडून नव्यानं बांधावी लागते. तेवढा पैसा ना कारखान्याकडे होता, ना सरकार देणार होतं.

भट्टीमास्तरानं धाकटीकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाईंनी मान खाली घातली.

“दोन वर्षं,” तो म्हणाला. “नीट सांभाळली तर. त्यापुढं मी तरी सांगू शकत नाही.”

मग एकच गलका उठला. “कुणाच्या बाजूनं बोलतोस?” “आपल्याच तोंडानं गळा कापलास की!” युनियनवाले उठून उभे राहिले. एकानं तर ‘मेव्हणीनं शिकवून पाठवलंय’ असंही म्हटलं. भट्टीमास्तर खाली बसला आणि आपल्या हातांकडे बघत राहिला. त्यानं खरं सांगितलं होतं. त्याच्या जागी बाई असत्या तर त्यांना तेवढं धाडस झालं असतं का, हा विचार लिहिता लिहिता त्यांच्या मनात येऊन गेला आणि त्यांनी तो लिहिण्यात बुडवून टाकला.

दुपारी धाकटीकडे जेवायला जाणं भागच होतं. ताटात वाढलं होतं, पण जेवत कुणीच नव्हतं.

“दोन वर्षं म्हणे!” धाकटी भांडी आपटत होती. “दहा म्हणायचं होतं. पंधरा म्हणायचं होतं. कोण आत शिरून विटा मोजणार होतं?”

“त्या प्राध्यापकाला कळलं असतं,” नवरा म्हणाला.

“कळू दे की! त्यांना कळलं तरी चालतं, तू सांगितलंस ते चालत नाही. आता गावात तोंड कसं दाखवू मी?”

“ताई,” भट्टीमास्तर एकदम बाईंकडे वळला, “तुम्ही सांगा, माझं चुकलं का?”

बाईंनी ताट बाजूला सारलं. “नाही चुकलं,” त्या म्हणाल्या. “पण त्याचा उपयोग कोण कसा करेल, ते मला माहीत नाही.”

“तुलाही माहीत नाही?” धाकटी हात पुसत त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. “मग ताई, तू तिथं करतेस तरी काय?”

बाईंनी पाणी पिऊन वेळ मारून नेली.

परतल्यावर दोनच दिवसांत मंत्रालयातून उपसचिव आले. तरुण, गोड बोलणारे, बूट लखलखीत. तीन जिने चढूनही त्यांना दम लागला नव्हता, याचाच बाईंना आधी राग आला. ते आपल्याबरोबर एक कागद घेऊन आले होते. त्यावर मंडळाचा सल्ला आधीच लिहून तयार होता. एकच वाक्य: ‘सदर कारखाना आर्थिकदृष्ट्या टिकाऊ नसल्याने तो बंद करावा, असा मंडळाचा सल्ला आहे.’

“सर, तुमचा वेळ वाचावा म्हणून,” उपसचिव अध्यक्षांना म्हणाले. “सुनावणीत खुद्द भट्टीमास्तरच दोन वर्षं म्हणाले ना? मग वेगळं लिहिण्यासारखं उरतंच काय?”

अध्यक्षांनी त्यांना डाव्या बाजूची खुर्ची दाखवली होती. पण कागद त्यांनी नीट वाचला. “आणि आम्ही ‘बंद करू नये’ म्हटलं तर?”

“तर सरकार त्याचा आदरानं विचार करेल. सल्ला बंधनकारक नसतो, हे आपल्याला मी काय सांगायचं.”

“म्हणजे ‘बंद करा’ म्हटलं तर आमच्या सल्ल्यानुसार बंद, आणि ‘करू नका’ म्हटलं तर सल्ला बंधनकारक नाही म्हणून बंद.”

उपसचिव हसले. वाईट माणूस नव्हता. “सर, निर्णय कुठेतरी घ्यावाच लागतो. आणि घेतला की त्याला कुणाचा तरी आधार असलेला बरा असतो.”

ते गेल्यावर अध्यक्षांनी कागद दुमडून बाजूला ठेवला. प्राध्यापक खिडकीपाशी उभे होते.

“खापर फोडायला डोकं हवंय त्यांना,” अध्यक्ष म्हणाले. “त्यासाठी एवढ्या खुर्च्या. नोकरीत असताना पाण्याचे नळ टाकत होतो तेव्हा कुणी सल्ला मागितला नाही. नळ फुटला की मात्र पहिला फोन मला. आता निवृत्त झालो तर पुन्हा तेच.”

“पण अडचण अशी आहे,” प्राध्यापक म्हणाले, “की ते वाक्य खोटं नाही. कारखाना टिकणार नाही. मी आकडे उलटेसुलटे करून पाहिले, अगदी मनापासून पाहिले. नाही टिकत.”

“मग लिहू या का तेच?”

“तेवढंच लिहिलं तर ते खोटं होतं. बंद करणं हा अर्धा सल्ला आहे. बंद होईपर्यंत आणि झाल्यावर तिथल्या माणसांचं काय, हा उरलेला अर्धा.”

मग पुढचे काही दिवस तिघं बसली. खरंतर काम दोघांचं होतं, बाई लिहून घेणाऱ्या. पण त्या गावात कारखान्यानं कामगारांना दिलेली घरं कुठवर आहेत, धुरानं छाती भरलेल्यांसाठी कारखाना जो दवाखाना चालवतो त्यात रांग किती असते, बंदराच्या शहरात कामं आहेत पण तिकडे जाणारी बस नाही म्हणून घरंच्या घरं गाव सोडतात, हे त्यांना विचारल्यावाचून इलाज नव्हता. हळूहळू सल्ला आकाराला आला. कारखाना टिकणारा नाही, हे पहिलंच वाक्य. भट्टीचं आयुष्य संपेपर्यंत गॅस चालू ठेवावा, आधी तोडू नये. कामगारांची घरं त्यांच्याच नावावर करावीत. दवाखाना सरकारनं चालवावा. सकाळ-संध्याकाळ बंदरापर्यंत बस सोडावी. तरुण कामगारांना दुसरं काम शिकवण्याची सोय व्हावी. आणि मग, एवढं झाल्यावर, कारखाना बंद करावा.

“यातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य उचलतील, मधलं गाळतील,” अध्यक्ष थकून म्हणाले. “मी त्यांना ओळखतो.”

बाईंनी लेखणी खाली ठेवली. इतक्या वर्षांत मंडळाच्या बैठकीत त्यांनी न विचारता तोंड उघडलं नव्हतं.

“सर, शेवटी एक वाक्य घालता येईल. यातली एकही अट वगळली, तर हा मंडळाचा सल्ला मानू नये आणि मंडळाचं नाव वापरू नये.”

प्राध्यापकांनी वळून पाहिलं. अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं. “हे असं कधी कुणी लिहिलंय का?”

“माझ्या पाहण्यात नाही.”

“मग घाला,” अध्यक्ष म्हणाले. चहाला आलेल्या सदस्यांनी बहुमत दिसलं तसं हात वर केले आणि सल्ला रवाना झाला.

पुढे पावसाळा उलटून गेला. सल्ल्याचं भिजत घोंगडं पडून राहिलं. विचारलं की ‘प्रक्रियेत आहे’ असं उत्तर येई. आणि मग एका सकाळी, बाई डबा भरत असताना, रेडिओवर बातमी लागली: ‘विभागीय सल्लागार मंडळाच्या सल्ल्यानुसार काच कारखाना वर्षअखेरीस बंद करण्याचा निर्णय सरकारनं घेतला असून त्या जागी भव्य गोदाम संकुल...’

डब्याचं झाकण लावायचं राहिलं. फोन लगेच वाजला.

“ताई,” धाकटीचा आवाज अगदी शांत होता, आणि तीच वाईट खूण होती. “हे तू लिहिलंस?”

“पूर्ण लिहिलं ते वेगळं होतं गं. मी तुला सगळं...”

“लिहिलंस की नाही, एवढंच सांग.”

“लिहिलं,” बाई म्हणाल्या.

फोन ठेवला गेला. नंतर कितीदा लावला तरी उचलला गेला नाही.

त्या दिवशी तीन जिने चढताना बाई प्रत्येक मजल्यावर टेकल्या. वर अध्यक्ष आधीच येऊन बसले होते. त्यांनी मंत्रालयात फोन लावला होता आणि या खेपेला चांगला कान लावून ऐकलं होतं. उपसचिव पलीकडून तेच सांगत होते: सल्ला बंधनकारक नाही, सरकारला त्यातलं योग्य ते घेता येतं.

“जरूर,” अध्यक्ष म्हणाले. “एकही ओळ घेऊ नका. पण मग ‘आमच्या सल्ल्यानुसार’ म्हणू नका. चोरी करायची तर स्वतःच्या नावानं करा.” आणि फोन ठेवून ते प्राध्यापकांना म्हणाले, “मी तिथं जाऊन पूर्ण सल्ला वाचून दाखवतो. सुनावणी जिथे घेतली तिथेच. लोकांनी आम्हाला सांगितलं, तर आम्ही काय लिहिलं हे ऐकायचा त्यांना हक्क आहे. तुम्ही येता?”

“येतो,” प्राध्यापक म्हणाले.

बाईंना कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखं नव्हतंच. मंडळाचे सदस्य बिनपगारी, त्यांचं कुणी काय वाकडं करणार? बाई सरकारी नोकर. त्यांनी कपाट उघडलं, सल्ल्याची प्रत काढून अध्यक्षांच्या हातात दिली. आणि मग, का कोण जाणे, आपली पिशवीही उचलली.

“तुम्ही कुठे?”

“लिफ्ट बंद आहे,” बाई म्हणाल्या. “उतरायला सोबत लागते मला.”

कँटीनमध्ये या वेळी कुणी बाकं मांडली नव्हती. लोक उभेच होते. अध्यक्ष वाचायला उभे राहिले, पण त्यांचा आवाज मागच्यांना ऐकू जाईना. प्राध्यापकांनी प्रत घेतली. ‘कारखाना टिकणारा नाही’ हे वाक्य त्यांच्या तोंडून निघताच असा आरडाओरडा झाला की त्यांना पुढची ओळ सापडेना. कुणीतरी रिकामी पेटी ढकलून दिली, ती फरशीवरून घसरत त्यांच्या पायाशी आली.

बाई उठल्या. त्यांनी प्राध्यापकांच्या हातून कागद घेतला. लोक त्यांना ओळखत होते आणि याक्षणी सगळ्यात जास्त राग त्यांचाच होता. कदाचित म्हणूनच, बाई काय बोलतात ते ऐकायला सगळे गप्प झाले.

त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचलं. कसलीही नाट्यछटा नाही, बैठकीचा वृत्तांत वाचावा तसं. भट्टीचं आयुष्य. घरं. दवाखाना. बस. शिकवण्याची सोय. मग बंद करणं. आणि शेवटचं वाक्य. ते त्यांनी दोनदा वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाल्या, “एवढं लिहिलं होतं. रेडिओवर जे सांगितलं ते आमचं नाही. कारखाना वाचेल असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण तो वाचणार नाही. पण बाकीचं मागायला तुमच्या हातात हे आहे.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पॅकिंगवाल्या बाईनं पुढे येऊन प्रत मागितली आणि बाईंनी ती दिली. धाकटी मागे दाराशी उभी होती. बाईंनी तिच्याकडे बघेपर्यंत ती निघून गेलेली होती.

व्हायचं ते झालं. मंडळ मुदतीआधीच बरखास्त झालं. बाईंना वजनमापं तपासणाऱ्या कार्यालयात पाठवलं, पगारवाढ रोखली आणि ‘शिस्तभंग’ असा शेरा मारला. अध्यक्ष घरी गेले आणि थंडीत आजारी पडले. बाई भेटायला गेल्या तेव्हा त्यांनी उजवा कान पुढे करून तासभर गप्पा मारल्या. प्राध्यापकांना पुन्हा कुठल्या मंडळावर घेतलं नाही, याचा त्यांना आनंदच झाला असं त्यांनी सांगितलं. खिडकीकडे बघून सांगितलं, त्यामुळे खरं-खोटं कळलं नाही.

पण गाव ती प्रत घेऊन मंत्रालयाच्या दाराशी जाऊन बसलं, आणि उठेना. ‘मंडळाच्या सल्ल्यानुसार’ हे शब्द सरकारनं स्वतःच वापरले होते, आता ते गिळता येईनात. भट्टी आयुष्य संपेपर्यंत चालू द्यायचं ठरलं. घरं नावावर झाली. बस सुरू झाली, एकच, सकाळची. संध्याकाळच्या बसचं अजून चाललंय. दवाखान्यात आठवड्यातून एकदा डॉक्टर येऊ लागला. नवं काम शिकवण्याची सोय कधीच झाली नाही.

आणि एक दिवस भट्टी विझवायची वेळ आली. भट्टीमास्तरानं सांगितलेल्या दोन वर्षांपेक्षा थोडी लवकरच. त्या दिवशी बाईंना गावाहून फोन आला. त्याच आवाजाची त्या इतके महिने वाट पाहत होत्या.

“ताई, आज काढतायत आतली काच. येतेस का? हा सकाळपासून काही खात नाहीये.”

बाई पोहोचल्या तेव्हा तळाचं तोंड फोडून वितळलेली काच बाहेर सोडत होते. लाल, जाड, मधासारखी संथ ती खालच्या पाण्याच्या खड्ड्यात पडत होती आणि वाफेचे लोट उठत होते. भट्टीमास्तर बाकीच्यांना हातानं खुणा करत होता. काम होता होता कुणी त्याच्या खांद्यावर थाप मारली. सुनावणीत ‘आटप रे’ म्हणणारा तोच असावा. मग सगळे एकदमच बाहेर पडले, आणि कँटीनच्या भिंतीची धग हळूहळू उतरू लागली.

घरी धाकटीनं ताट वाढलं. नवरा जेवला आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसला. बंदराच्या इस्पितळात त्याला बॉयलरवर काम मिळालं होतं, पुढच्या महिन्यापासून. संध्याकाळी परत यायला बस नसल्यानं तो आठवडाभर तिकडेच राहणार होता.

“म्हणजे तसं पाहिलं तर काहीच वाचलं नाही,” धाकटी ताटं उचलता उचलता म्हणाली.

“नाही,” बाई म्हणाल्या.

“पण पोरीचं नर्सिंगचं शिक्षण तेवढ्यात पुरं झालं. घर आपलं झालं.” ती थांबली. “मी तुला फोन करायला हवा होता. खूप आधी.”

“राहू दे गं.”

“नाही, राहू दे कसं? शेरा मारला म्हणे तुझ्यावर. मला दुसऱ्या कुणाकडून कळावं?”

बाईंना उत्तर द्यायचं होतं, पण जेवण झाल्यावर अंगात एकदम शिसं उतरल्यासारखं झालं होतं. त्या भिंतीशी घातलेल्या गादीवर जरा टेकल्या. दुपारी झोपायची सवय त्यांना कधीच नव्हती, तेवढी उसंत कुणी दिली नव्हती. धाकटी आतून काहीतरी सांगत राहिली, पोरीच्या नोकरीचं, शेजारणीच्या सुनेचं, आणि तिचा आवाज हळूहळू लांब जात राहिला.

बाहेर येऊन धाकटीनं पाहिलं तर ताई चष्म्यासकट झोपलेली. तिनं चष्मा अलगद काढला, बाजूला ठेवला, आणि पायरीवरून उठून आत येणाऱ्या नवऱ्याला ओठांवर बोट ठेवून गप्प राहायची खूण केली.